पाच मेचा सेनापती

दरवर्षी पाच मे रोजी अमेरिकेतील शहराशहरांतून मेक्सिकन उत्सव साजरा होतो आणि तो मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन होय असा समज सर्रास आढळतो. वस्तुतः तो मान १६ सप्टेंबरचा. पाच मे हा दिवस आहे तेहेतीस वर्षांच्या एका चष्मेवाल्या सेनापतीचा. त्याचे नाव मात्र त्या जल्लोषात क्वचितच ऐकू येते.

इग्नासिओ सारागोसा १८२९ साली जन्मले ते आजच्या टेक्ससमध्ये. तेव्हा तो मुलूख मेक्सिकोचा होता. शिपायाचा हा मुलगा मॉन्टेरेच्या धर्मपाठशाळेत शिकला, पण पाद्री न होता १८५३ मध्ये लष्करी पेशात शिरला. यादवी युद्धात ते उदारमतवाद्यांच्या बाजूने लढले आणि १८६१ मध्ये अध्यक्ष बेनितो ह्वारेस यांचे युद्धमंत्री झाले.

यादवीने तिजोरी रिती झाली होती. जुलै १८६१ मध्ये ह्वारेस यांनी परकीय कर्जाची फेड दोन वर्षांपुरती थांबविली. त्यावर इंग्लंड, स्पेन व फ्रान्स यांनी आपली सैन्ये वेराक्रूझला पाठविली. पहिले दोघे तडजोड करून परतले. तिसऱ्या नेपोलियनला कर्ज हे केवळ निमित्त होते. मंत्रिपद सोडून सारागोसा आघाडीवर गेले. जानेवारी १८६२ मध्ये त्यांची पत्नी वारली, पण दुःख करीत बसण्यास सवड नव्हती.

५ मे १८६२ रोजी प्वेब्लापाशी गाठ पडली. सुमारे सहा हजार फ्रेंच सैनिक, त्या काळी जगात नावाजलेले. समोर त्याहून कमी, तुटपुंज्या शस्त्रांचे मेक्सिकन. त्यांत डोंगराळ भागातील आदिवासी शेतकरीही होते. फ्रेंच सेनापती लोरेन्सेझ विजयाविषयी इतके निःशंक, की लोरेतो व ग्वादालूपे या टेकडीवरील किल्ल्यांवर त्यांनी समोरूनच चढाई केली. हल्ल्यामागून हल्ले परतविले गेले. दुपारच्या पावसाने उतार निसरडा झाला आणि फ्रेंचांनी माघार घेतली.

चारच दिवसांनी ह्वारेस यांनी हा दिवस राष्ट्रीय सण ठरविला. सारागोसा ८ सप्टेंबरला विषमज्वराने वारले. पुढल्याच वर्षी प्वेब्ला पडले आणि त्यानंतर मॅक्सिमिलियन गादीवर आला. १८६७ मध्ये त्याला गोळ्या घातल्या गेल्या.

कॅलिफोर्नियातील मेक्सिकनांनी हा विजय लगोलग साजरा केला, कारण फ्रेंच बादशहा व गुलामगिरीवादी दक्षिण त्यांना एकाच माळेचे मणी वाटत. १९६०नंतर तेथील मेक्सिकन वंशाच्या विद्यार्थ्यांनी त्याला स्वाभिमानाचा रंग दिला आणि १९८०च्या दशकात बिअर कंपन्यांनी तो उचलला. व्यापार आला की इतिहास मागे पडतो, तसेच झाले. मेक्सिकोत मात्र त्या दिवशी बहुतेक कचेऱ्या चालू असतात. मोठे संचलन निघते ते प्वेब्लात.