६१७४ वाले कापरेकर मास्तर: पदवी फक्त बी.एस्सी., नाव जगभर

हदगावसारख्या गावात पोरगं दहावी झालं की घरात पहिला प्रश्न हाच असतो, नीटचे क्लासेस नांदेडला लावायचे की लातूरला? मग पुढची दोन वर्षं सगळं घर एकाच आकड्याभोवती फिरतं. ७२० पैकी किती?

प्रवेशासाठी हा आकडा लागतोच, त्यात वाद नाही. पण हुशारी मोजायची तेवढी एकच पट्टी आहे का? आज दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांची गोष्ट बघू. नोकरी शाळामास्तरची, पण त्यांच्या नावाचा एक आकडा आज जगभर शिकवला जातो. आणि तो खरा आहे की नाही, हे तुम्ही आत्ता, फोनवर तपासू शकता.

आधी करून बघा

कॅल्क्युलेटर उघडा. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. आपण कापरेकरांचं जन्मवर्ष घेऊ, १९०५.

अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा: ९५१०. आता उलटे मांडा: ०१५९. मोठ्यातून लहान वजा करा. उत्तर येतं ९३५१. या उत्तरावर पुन्हा तेच करा.

९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ वर तेच करा. ७६४१ − १४६७, परत ६१७४! गाडी इथेच थांबते. तुमचं जन्मवर्ष टाकून बघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच याल. उत्तर तीन अंकी आलं, तर पुढे शून्य लावायला विसरू नका. या संख्येला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

डहाणू ते देवळाली

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते, त्यांना ज्योतिषाचा नाद होता, त्यामुळे घरात आकडेमोड चालायची. शाळा ठाण्याला झाली, कॉलेज पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये.

तिथे १९२७ मध्ये त्यांना गणितातल्या स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. रँग्लर परांजपे म्हणजे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिला क्रमांक मिळवणारे र. पु. परांजपे. नंतर ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. म्हणजे बघा, परीक्षेतल्या नंबरामुळे गाजलेल्या माणसाच्या नावाचं बक्षीस, पण मिळालं ते पेपरातल्या मार्कांसाठी नाही, स्वतः शोधलेल्या गणितासाठी.

१९२९ मध्ये कापरेकर बी.एस्सी. झाले. पुढची पदवी घेतली नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिकवत होते.

मास्तरांचं गणित कोण वाचणार?

शाळा सांभाळून मास्तरांचा आकड्यांशी खेळ चालूच होता. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ ची गोष्ट मांडली. एका प्रकारच्या संख्यांना त्यांनी डेम्लो नाव दिलं, कारण ती कल्पना त्यांना त्या स्टेशनवर सुचली होती. ते स्टेशन म्हणजे आजचं डोंबिवली. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी हर्षद म्हटलं, म्हणजे आनंद देणाऱ्या. उदाहरणार्थ १८: १ + ८ = ९, आणि १८ ला ९ ने भाग जातो.

पण आपल्याकडच्या गणितज्ञांनी सुरुवातीला हे काम फारसं मनावर घेतलं नाही. आकड्यांची गंमत आहे, एवढंच. मग मास्तरांनी पदरचे पैसे घालून छोट्या पुस्तिका छापल्या. १९६६ मध्ये पत्नी वारल्या. पेन्शन पुरेना, म्हणून ते गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेऊ लागले.

मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतले प्रसिद्ध लेखक मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन या मासिकातल्या आपल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं आणि नाव जगभर गेलं. तेव्हा मास्तर सत्तरीत होते. १९८६ मध्ये ते वारले.

हा योगायोग नाही

६१७४ वरच का थांबतं? चार अंक उतरत्या क्रमाने क, ख, ग, घ धरा. वजाबाकी नेहमी ९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग) एवढीच येते. म्हणजे उत्तर फक्त दोन फरकांवर ठरतं. त्यामुळे पहिल्या पायरीनंतर फक्त ५४ वेगवेगळी उत्तरं शक्य असतात. ही ५४ तपासली की काम झालं, सगळी ६१७४ ला येतात. पायथनच्या दहा-बारा ओळींत हे होतं. प्रोग्रामिंग शिकायला सुरुवात केली, तर कापरेकर आणि हर्षद संख्यांचा सराव बहुधा तुमच्याही वाट्याला येईल.

मग मार्कांचं काय?

मार्क सोडून द्या, असा याचा अर्थ नाही. बी.एस्सी. होती म्हणूनच मास्तरांना बत्तीस वर्षं शाळेचा पगार मिळाला आणि घर चाललं. पण मार्क सांगतात की दुसऱ्याने काढलेला पेपर तुम्ही ठरलेल्या वेळेत किती सोडवला. तुम्ही स्वतः काय शोधू शकता, ते त्या आकड्यात येत नाही. ते दाखवायचं तर काहीतरी करून लोकांसमोर ठेवावं लागतं, असं की कुणीही तपासावं. ६१७४ तपासताना कापरेकरांची मार्कशीट कुणालाच बघावी लागत नाही.

निकालाचा आकडा कमी आला, तर वाईट वाटणारच. पण तुम्ही लिहिलेला छोटासा प्रोग्राम किंवा सोडवलेलं एखादं अवघड कोडं, हेही तुमचंच काम आहे. ते वहीत तारीख टाकून लिहून ठेवा आणि वर्गातल्या एखाद्याला दाखवा. त्याला त्यात चूक सापडते का, बघा.