रक्तसाक्षी संत पॉलिकार्प आणि त्यांच्या अस्थी

कॅथोलिक लोक हाडांची पूजा करितात, असा आक्षेप आपल्या कानीं वारंवार येतो. वेदींत ठेविलेल्या पवित्र अवशेषांविषयीं आपल्यांतीलही कित्येकांचें मन घुटमळतें. परंतु हा संशय आजकालचा नव्हे. दुसऱ्या शतकांत एका वृद्ध बिशपांच्या चितेजवळ तो निघाला होता.

पॉलिकार्प हे प्रेषित संत योहान यांचे शिष्य, आणि आशियामायनरांतील स्मर्ना नगरीचे, म्हणजे आजच्या तुर्कस्थानांतील इझमीरचे, बिशप होत. अंत्योखियाचे बिशप संत इग्नाती यांस श्वापदांच्या तोंडीं देण्यासाठीं रोमला नेत असतां वाटेंत स्मर्नेस पॉलिकार्प यांनीं त्यांचें स्वागत केलें. उतारवयांत ते स्वतः रोमला गेले. पास्काचा सण कोणत्या तिथीस पाळावा यावर पोप अनिसेत यांचें व त्यांचें एकमत झालें नाहीं. तरी पोपमहाराजांनीं आपल्या मंडळीपुढें ख्रिस्तयाग अर्पण करण्याचा मान त्यांस दिला, आणि दोघांनीं स्नेहानें निरोप घेतला. मतभेद असावा तर असा!

इ. स. १५५ च्या सुमारास स्मर्नेंत छळ सुरू झाला. क्विंतुस नांवाचा एकजण आपण होऊन पुढें झाला, पण श्वापदें पाहतांच त्याचा धीर सुटला. पॉलिकार्प यांनीं तसें साहस केलें नाहीं. मित्रांच्या आग्रहावरून ते शहराबाहेर एका शेतावर राहिले. शिपायांनीं गांठलें तेव्हां त्यांनीं त्या शिपायांनाच जेवूं घातलें, आणि प्रार्थनेसाठीं एक तास मागून घेऊन दोन तास प्रार्थना केली. ८६ वर्षें ज्याची सेवा केली, त्या प्रभूस नाकारण्यास ते प्रांताधिकाऱ्यापुढें तयार झाले नाहींत. चितेवर त्यांस खिळावें लागलें नाहीं; नुसतें बांधलें. अग्नीनें काम होईना, म्हणून शेवटीं खंजीर चालविला.

ख्रिस्ती लोक देह नेऊं पाहत होते. तेव्हां निसेतस नांवाच्या गृहस्थानें अधिकाऱ्यास सुचविलें कीं, तो देऊं नये. नाहींतर हे लोक क्रुसावर मेलेल्यास सोडून याचीच पूजा करूं लागतील. म्हणून शताधिपतीनें देह जाळून टाकिला. स्मर्नेच्या मंडळीनें फिलोमेलियमच्या मंडळीस लिहिलेल्या पत्रांत हें सर्व आलें आहे, आणि आक्षेपाचें उत्तरही त्यांतच आहे. आराधना एकट्या देवपुत्राची; रक्तसाक्ष्यांवर प्रेम, तें ते त्याचे शिष्य म्हणून. आणि इतकें स्वच्छ सांगणाऱ्या त्याच लोकांनीं राखेंतील हाडें टाकून दिलीं नाहींत! रत्नांहून मोलाचीं मानून तीं वेचलीं, योग्य स्थळीं ठेविलीं, आणि दरवर्षीं तेथें जमून त्यांच्या मरणाचा दिवस जन्मदिवस म्हणून पाळण्याचा संकल्प केला. ज्या घरांत मृत आईची जपमाळ जपून ठेविली आहे, तेथें हें समजावून सांगावयास नको.

त्यांचा सण पूर्वीं २६ जानेवारीस येत असे. १९६९ च्या सुधारणेनंतर तो २३ फेब्रुवारीस, म्हणजे त्यांच्या परंपरागत मृत्युदिनीं, पाळला जातो.