कावळा गायकांच्या यादीत अन् कोकीळ बाहेर, गळा उघडून वर्गवारी लावणाऱ्या म्युलरची गोष्ट

गाणारा पक्षी सांगा म्हटलं की दहातले नऊ जण कोकिळेचं नाव घेतील. (त्यातही कुहू कुहू करतो तो नर, मादी नाही. पण ते असो.) आणि बेसूर कोण विचारलं, तर कावळा.

पण पक्ष्यांच्या अभ्यासकाला विचारलंत तर मामला उलटा निघतो. त्यांच्या यादीत कावळा गाणाऱ्या पक्ष्यांमध्ये येतो. कोकीळ त्या यादीच्या आसपासही नाही. म्हणजे ज्याच्या घरट्यात कोकिळा गुपचूप अंडी घालते तो कावळा घराण्यातला गायक, आणि आपला कोकीळ बाहेरचा.

हा निवाडा आवाज ऐकून झालेला नाही, गळा उघडून झालाय. आणि तो गळा नीट वाचणारा माणूस पक्षीतज्ज्ञ नव्हताच. तो होता बर्लिनचा डॉक्टर, योहानेस म्युलर.

म्युलरचा जन्म १४ जुलै १८०१ चा, ऱ्हाइन नदीकाठच्या कोब्लेंझ गावातला. वडील बूट शिवायचे. पोरगं हुशार निघालं, बॉनला डॉक्टरकी शिकलं आणि तिथंच शिकवायला लागलं. डोळ्यांना जे दिसतं ते का दिसतं, यावर त्यानं स्वतःच्याच डोळ्यांवर प्रयोग केले. कामाचा झपाटा असा, की १८२७ मध्ये, ऐन पंचविशीत, तो पार कोलमडला. काही महिने काम बंद. ही खचून जाण्याची पाळी त्याच्यावर पुढेही येत राहिली.

१८३३ मध्ये बर्लिन विद्यापीठात शरीरशास्त्राची मोठी जागा रिकामी होती. म्युलरनं शिफारस वगैरे शोधली नाही. सरळ मंत्र्याला स्वतःच पत्र लिहिलं, की या जागेला मी लायक आहे. आणि जागा मिळवली. पुढं त्याच्या हाताखालून श्वान, हेल्महोल्ट्झ, फिरशॉ, हेकेल अशी माणसं बाहेर पडली. आज डॉक्टरकीच्या पुस्तकात यातली बरीच नावं सापडतात.

आवाजाचं वेड त्याला आधीपासून होतं. माणसाचा आवाज कसा निघतो हे कळावं म्हणून तो मेलेल्या माणसाचं स्वरयंत्र घ्यायचा, त्याच्या तारा ताणायचा आणि त्यातून हवा फुंकून सूर काढायचा. ऐकायला विचित्र वाटतं, पण स्वर वर-खाली कसा जातो हे त्यातूनच उलगडलं.

मग तो वळला पक्ष्यांकडे. तिथं तेव्हा सगळा गोंधळ होता.

लिनियसनं १७५८ मध्ये चिमणीच्या लॅटिन नावावरून 'पॅसेरेस' नावाचा गण केला होता. त्यात चंडोल, मैनांचे भाऊबंद होते आणि चक्क कबूतरही होतं. कावळा मात्र पोपट, सुतार आणि धनेशाबरोबर दुसऱ्या गणात. पुढच्या लोकांनी चोची, पाय, पंख बघून फेरफार केले, तरी अडचण तीच राहिली. सारखं खाणं, सारखं राहणं असलं की परके पक्षीही एकसारखे दिसायला लागतात. आपल्याकडची पाकोळी आणि भिंगरी बघा. दोघी उडता उडता किडे पकडतात, दोघींचे पंख लांब, आणि मराठीत तर बऱ्याचदा दोघींना एकच नाव. नातं मात्र लांबचं.

म्युलरनं ठरवलं, आत बघायचं. पक्ष्याचं स्वरयंत्र आपल्यासारखं घशात वर नसतं. श्वासनलिका खाली जाऊन जिथं दोन फांद्यांत फुटते तिथं असतं. त्याला म्हणतात सिरिंक्स. त्याला बारीक स्नायूंच्या जोड्या असतात आणि त्या ताणून पक्षी सूर बदलतो. या स्नायूंचं महत्त्व हाले विद्यापीठाच्या निट्शनं आधीच ओळखलं होतं, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पण जगभरचे गळे शेजारी शेजारी ठेवून बघणारा म्युलर.

यात एक मोठी अडचण होती. तेव्हा परदेशातून पक्षी यायचे ते भुसा भरून. कातडी, पिसं, चोच ठेवायची आणि आतलं फेकून द्यायचं. म्हणजे नेमका गळाच गायब! त्यामुळं स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलेले अख्खे पक्षी लागायचे.

१८४५ मध्ये त्यानं बर्लिनच्या अकादमीपुढं निष्कर्ष मांडले. एका गटाच्या सिरिंक्सला स्नायूंच्या अनेक जोड्या होत्या. ते खरे गायक. चिमणी, बुलबुल, भिंगरी, कावळा सगळे त्यातच. कावळ्याकडं वाद्य पूर्ण आहे, तो वाजवतो कसं हा त्याचा प्रश्न. दुसऱ्या गटातले दक्षिण अमेरिकेतले काही पक्षी आवाज काढायचे तो श्वासनलिकेच्या खालच्या टोकाशी, त्यांची रचनाच वेगळी. तिसरा गट मात्र फसला. गायकांचे स्नायू नसलेले उरलेसुरले पक्षी त्यानं एकत्र टाकले, त्यात अमेरिकेतल्या माशीमार पक्ष्यांबरोबर पाकोळ्याही गेल्या.

हे करत असताना बाहेर जग पेटत होतं. १८४८ च्या क्रांतीत म्युलर बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू होता. एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला बंदुका मागणारे विद्यार्थी. त्यात तो पुन्हा खचला. मग समुद्री जीवांच्या अभ्यासात रमला, पण १८५५ मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ त्याचं जहाज बुडालं. तो वाचला, त्याच्याबरोबर आलेला एक विद्यार्थी बुडून गेला. ही गोष्ट त्याच्या मनातून कधीच गेली नाही.

२८ एप्रिल १८५८ च्या सकाळी तो घरी मृत सापडला. वय ५६. ज्यानं आयुष्यभर शरीरं उघडून बघितली त्याचं शवविच्छेदन झालं नाही. त्यानं आत्महत्या केली असावी असं हेकेलला वाटायचं, पण ते सिद्ध झालेलं नाही. दुसऱ्याच वर्षी डार्विनचं पुस्तक आलं आणि प्राण्यांची वर्गवारी म्हणजे वंशावळ असते, हा विचार रुजायला लागला. ते बघायला म्युलर नव्हता.

त्याच्या पक्ष्यांवरच्या निबंधाचं इंग्रजी भाषांतर व्हायला १८७८ उजाडलं. लंडनच्या गॅरड नावाच्या तरुणानं त्याला पुरवणी जोडली आणि गळे तपासण्याचं काम पुढं नेलं. तोही ३३ व्या वर्षी गेला.

पुढं शंभर वर्षांनी डीएनए आला. सिबली आणि अलक्विस्ट यांनी १९९० मध्ये डीएनएवरून पक्ष्यांची सगळी मांडणीच नव्यानं केली, कितीतरी कुलं मोडली. पण फांदी पकडून बसणाऱ्या या पक्ष्यांमधली गायक आणि बिगर-गायक ही मोठी फाळणी टिकली. फक्त न्यूझीलंडचे चिमुकले रेन दोन्हीपासून वेगळे काढावे लागले. जगातल्या साधारण ११ हजार पक्षीजातींपैकी निम्म्याहून जास्त या गणात आहेत. त्यात बिगर-गायक साधारण १,३००, आणि बहुतेक सगळे अमेरिकेत.

बहुतेक म्हटलं, कारण त्यातला एक आपल्याकडंही येतो. पावसाच्या तोंडावर कोकणातल्या, सह्याद्रीतल्या झाडीत दोन सुरांची शीळ घालणारा नवरंग. अंगावर इतके रंग की फोटो टाकला तर लाइकचा पाऊस पडतो. तरी गायकांच्या यादीत त्याचं नाव नाही. तिथं नाव आहे ते पलीकडच्या तारेवर बसून काव काव करणाऱ्या कावळ्याचं.