आल्फ्रेड बिने

आल्फ्रेड बिने (जुलै १८५७, नीस – १८ ऑक्टोबर १९११, पॅरिस) हे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ होते. तेओदोर सिमोन या वैद्यकाच्या साहाय्याने त्यांनी १९०५ मध्ये मुलांच्या बौद्धिक विकासाचे मापन करणारी पहिली व्यवहार्य श्रेणी तयार केली. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना योग्य शिक्षण मिळावे, हा या श्रेणीचा मूळ हेतू होता.

पूर्वायुष्य

बिने यांचे वडील वैद्यक आणि आई चित्रकार होती. आईवडील विभक्त झाल्यावर आईने त्यांचे संगोपन केले व पुढे ती त्यांना शिक्षणासाठी पॅरिसला घेऊन गेली. १८७८ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी मिळवली. परंतु वकिली केली नाही. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जॉन स्टुअर्ट मिल आदींचे ग्रंथ वाचून त्यांनी मानसशास्त्राचे ज्ञान स्वतःच संपादन केले. १८८४ मध्ये लॉर बाल्बियानी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मादलेन आणि आलिस या त्यांच्या दोन कन्या.

साल्पेत्रियेर येथील अनुभव

१८८३ पासून काही वर्षे बिने यांनी साल्पेत्रियेर रुग्णालयात झां-मार्तँ शार्को यांच्या हाताखाली संमोहनावर संशोधन केले. लोहचुंबक फिरवल्यास संमोहित व्यक्तीच्या शरीराच्या एका बाजूची लक्षणे दुसऱ्या बाजूस जातात, असा निष्कर्ष त्यांनी शार्ल फेरे यांच्यासह मांडला. बेल्जियन अभ्यासक झोझेफ देल्बफ आणि नान्सी येथील संशोधक यांनी त्यावर टीका केली. काय घडणे अपेक्षित आहे हे रुग्णांना ठाऊक असते आणि ते त्याप्रमाणे वागतात, हे त्यांनी दाखवून दिले. बिने यांना अखेर आपला दावा सोडून द्यावा लागला. प्रयोगकर्त्याची अपेक्षा प्रयोगाचा निकाल घडवू शकते, ही जाणीव पुढे त्यांच्या कार्यात कायम राहिली. १९०० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ सूचनेच्या प्रभावाविषयीच आहे.

सॉर्बोन येथील कार्य

१८९१ मध्ये ते सॉर्बोनच्या शारीर-मानसशास्त्रीय प्रयोगशाळेत दाखल झाले. १८९४ पासून मृत्यूपर्यंत ते तिचे संचालक होते. ‘लाने प्सिकोलोझिक’ या वार्षिकाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. बुद्धिबळपटू आणि विलक्षण वेगाने तोंडी हिशेब करणाऱ्या व्यक्तींची स्मरणशक्ती त्यांनी अभ्यासली. तसेच आपल्या कन्यांच्या विचारपद्धतीचे दीर्घकाळ निरीक्षण केले.

त्या काळी डोक्याचा आकार किंवा इंद्रियांची तीक्ष्णता मोजून बुद्धीचा अंदाज घेण्याची प्रथा होती. बिने यांनीही शाळकरी मुलांच्या डोक्यांची मोजमापे घेतली. हुशार व मंद मुलांमधील फरक अत्यल्प आढळला. शिवाय स्वतःच्या पूर्वग्रहाचा परिणाम मोजमापांवर होत असल्याची शंका त्यांना आली. म्हणून आकलन, तर्क आणि निर्णयशक्ती यांसारख्या गुंतागुंतीच्या क्रियाच तपासल्या पाहिजेत, या मतावर ते स्थिर झाले.

बुद्धिमापन श्रेणी

फ्रान्समध्ये १८८२ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते. सर्वसाधारण वर्गात शिकू न शकणाऱ्या मुलांसाठी काय करावे, याचा विचार करण्यासाठी १९०४ मध्ये शासनाने आयोग नेमला. बिने त्याचे सदस्य होते. एकाच मुलाविषयी वैद्यकांची मते भिन्न असत आणि शिक्षकाच्या केवळ मतावरून मूल वेगळे काढले जाण्याचा धोका होता. त्यामुळे वस्तुनिष्ठ कसोटीची निकड भासली.

१९०५ च्या श्रेणीत सोप्याकडून कठीणाकडे जाणाऱ्या ३० कसोट्या होत्या. पेटत्या काडीकडे नजर वळवणे, ऐकलेले अंक पुन्हा म्हणणे, वजनांची तुलना करणे, दिलेल्या शब्दांचे वाक्य करणे ही त्यांतील काही उदाहरणे. १९०८ च्या आवृत्तीत कसोट्या ३ ते १३ वर्षे अशा वयानुसार लावण्यात आल्या. त्या वयाची बहुसंख्य मुले जी कसोटी पार करतात, ती त्या वयाची मानली गेली. यावरून मुलाचा मानसिक स्तर ठरत असे. १९११ मध्ये आणखी एक सुधारित आवृत्ती निघाली.

बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न बदलणारी राशी आहे, हे मत बिने यांना मान्य नव्हते. १९०९ च्या ग्रंथात त्यांनी अवधान, स्मरण आणि इच्छाशक्ती वाढवणाऱ्या व्यायामांचा पुरस्कार केला. ठरावीक काळ पुतळ्याप्रमाणे निश्चल उभे राहणे हा त्यांपैकी एक होय.

मृत्यूनंतर

१९१२ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९१६ च्या स्टॅनफर्ड-बिने चाचणीत हा भागाकार १०० ने गुणून बुद्धिगुणांक रूढ केला. ८ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय ६ असल्यास त्याचा बुद्धिगुणांक ७५ येतो. साहाय्याची गरज ओळखण्याचे साधन अशा रीतीने माणसांची प्रतवारी लावणारा आकडा बनले. हेन्री गोडार्ड यांनी बुद्धी आनुवंशिक असल्याचे गृहीत धरून स्थलांतरितांच्या चाचण्या घेतल्या. अमेरिकेत सक्तीच्या निर्बीजीकरणाच्या समर्थनार्थही अशा चाचण्यांचे निष्कर्ष पुढे करण्यात आले. सिमोन यांच्या मते बुद्धिगुणांकाची कल्पना श्रेणीच्या मूळ उद्दिष्टाशी विसंगत होती.

भारतात व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाड परिसरातील मुलांसाठी या श्रेणीचे मराठी व कन्नड रूपांतर प्रमाणित केले. ते बिने-कामत चाचणी या नावाने ओळखले जाते.