क्रूस, मिरी आणि वतन

वास्को द गामाच्या मृत्यूला २४ डिसेंबर २०२४ रोजी पाचशे वर्षे पूर्ण झाली. शालेय इतिहासात या माणसाच्या वाट्याला बहुधा एकच विधान येते, ते म्हणजे त्याने हिंदुस्थानचा सागरी मार्ग शोधून काढला. मराठवाड्यातील वाचकाला हे विधान थोडे विचित्र वाटले पाहिजे. पैठण आणि तेर या आपल्या दोन प्राचीन बाजारपेठांचा माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जात असे आणि तेथून तो तांबड्या समुद्राकडे रवाना होई, याची नोंद इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात आहे. ज्या समुद्रावर आपला व्यापार दीड हजार वर्षे चालू होता, त्याचा 'शोध' १४९८ मध्ये लागला असे म्हणणे म्हणजे पाहुण्याने घरमालकाला घर दाखविण्यासारखे आहे.

अलीकडे या विधानाच्या जोडीला दुसरे आले आहे. गामा हा शोधक नसून क्रूर चाचा होता, असे ते विधान. त्यात तथ्य पुष्कळ आहे, आणि ते पुढे येईलच. परंतु शोधक किंवा चाचा यांपैकी कोणतेही बिरूद लावले, तरी एक प्रश्न तसाच राहतो. गामाच्या गलबतांच्या शिडांवर जो लाल क्रूस रंगविलेला होता, तो कोणाचा? तो केवळ ख्रिस्ती धर्माचे चिन्ह नव्हता. जमीनजुमला, भाडेपट्टे, दशमांश आणि किल्ले बाळगणाऱ्या एका श्रीमंत संस्थेचे ते बोधचिन्ह होते. गामाचे आयुष्य समजून घ्यायचे तर या संस्थेपासून आरंभ करावा लागतो.

धर्मयुद्धाची मालमत्ता

मध्ययुगीन युरोपात धर्मयुद्धांच्या काळात सरदारांचे धर्मसंघ उदयास आले. त्यांतील सभासद एकाच वेळी जोगी आणि शिपाई असत. गुरूच्या आज्ञेत राहून मुसलमानी सत्तांशी लढण्याची ते शपथ घेत, आणि या लढाईच्या खर्चासाठी राजे व श्रद्धाळू लोक संघाला गावेच्या गावे दान देत. यांपैकी सर्वांत बलाढ्य अशा टेम्पलर संघाचे पोपने १३१२ मध्ये विसर्जन केले. अन्यत्र त्याच्या मालमत्तेची वाटणी झाली. पोर्तुगालचा राजा दिनिश मात्र धूर्त निघाला. त्याने ती मालमत्ता देशाबाहेर जाऊ दिली नाही. पोपच्या संमतीने १३१९ साली 'ख्रिस्तसंघ' नावाचा नवा संघ स्थापन झाला आणि टेम्पलरांची पोर्तुगालमधील संपत्ती त्याच्याकडे आली. पुढे तोमार येथील त्यांचा मठवजा किल्लाही नव्या संघाचे मुख्य ठाणे बनला.

पोर्तुगालच्या भूमीवरील मुसलमानी सत्ता तेव्हा केव्हाच संपली होती. लढायला शत्रू उरला नव्हता, उत्पन्न मात्र चालूच होते. १४२० मध्ये राजपुत्र हेन्री या संघाचा प्रशासक झाला आणि त्याने हे उत्पन्न आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील सफरींकडे वळविले. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर युरोपच्या समुद्रविस्तारामागील आरंभीच्या भांडवलाचा एक मोठा भाग धर्मादाय निधीतून आला. मोबदल्यात १४५६ मध्ये पोपने समुद्रापलीकडील प्रदेशांचा धार्मिक अधिकार ख्रिस्तसंघाला दिला. जो प्रदेश अजून कोणी पाहिलाही नव्हता, त्याच्या देवळांवरचा हक्क तोमारच्या दप्तरात आगाऊ नोंदला गेला.

संघाच्या जमिनी सभासदांना ज्या पद्धतीने वाटल्या जात, तिला 'कोमेंदा' म्हणत. निजामी मुलखातील जहागिरीची व्यवस्था ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी पाहिली, त्यांना ही पद्धत समजावून सांगावी लागू नये. गाव संघाचे, त्याचे उत्पन्न सेवा करणाऱ्या सरदाराचे. मात्र तत्त्वतः ते त्याच्या हयातीपुरतेच असे. मुलाला ते आपोआप मिळत नसे. वतन आणि वेतन यांतील हा फरक गामाच्या साऱ्या आयुष्यभर त्याला सलत राहिला.

सिनेशचा मुलगा

सिनेश हे अटलांटिकच्या काठावरचे लहानसे मासेमारीचे गाव. १४६० ते १४६९ यांच्या दरम्यान गामाचा जन्म तेथे झाला. हे गाव 'सांतियागो' या दुसऱ्या सरदारसंघाच्या मालकीचे होते, आणि गामाचा पिता एस्तेव्हांव संघाच्या वतीने तेथील किल्लेदारी सांभाळीत असे. म्हणजे गावात मान होता, पण मालकी नव्हती. वास्को स्वतः तरुणपणीच सांतियागो संघात दाखल झाला. १४९२ मध्ये फ्रेंच जहाजे जप्त करण्याची एक कामगिरी त्याने चोख बजावली आणि १४९५ मध्ये त्याला दोन लहान कोमेंदा मिळाल्या.

त्याच वर्षी मानुएल राजा गादीवर आला. राजा होण्यापूर्वीपासूनच तो ख्रिस्तसंघाचा प्रमुख होता. ८ जुलै १४९७ रोजी चार गलबते आणि सुमारे १७० माणसे घेऊन गामा लिस्बनहून निघाला, तेव्हा निशाण ख्रिस्तसंघाचे आणि सेनापती सांतियागोचा, असा योग जुळून आला. आफ्रिकेला वळसा घालून मालिंदी येथे त्याला हिंदी महासागराचा जाणकार वाटाड्या मिळाला, आणि २० मे १४९८ रोजी तो कालिकतजवळ पोहोचला. ज्याने शेवटचा टप्पा पार करून दिला, तो वाटाड्या या समुद्राचाच माणूस होता, हे 'शोधा'ची चर्चा करताना विसरून चालणार नाही.

कालिकतच्या सामुरीपुढे गामाने ठेवावयाचे नजराणे पाहून तेथील अधिकारी हसले. पट्टेदार कापडाचे काही तागे, टोप्या, पोवळ्यांच्या माळा, हात धुण्याची भांडी, साखर, तेल आणि मध! मिरी आणि सुंठीच्या त्या पेठेत सोन्याचांदीचा व्यवहार होता. युरोपजवळ आशियाला विकण्यासारखे काही नव्हते, हा त्या भेटीचा खरा अर्थ होय. ज्याच्याजवळ विकायला माल नाही पण तोफा आहेत, तो व्यापारी फार काळ व्यापारी राहत नाही.

परतीचा प्रवास भयंकर झाला. गोव्याच्या दक्षिणेकडील अंजदीव बेटावरून निघालेली गलबते प्रतिकूल वाऱ्यात तीन महिने अडकली. रक्तपितीच्या व्याधीने माणसे पटापट मेली. एक गलबत चालवायला माणसे उरली नाहीत, म्हणून ते जाळून टाकावे लागले. धाकटा नव्हे तर थोरला समजला जाणारा भाऊ पावलो वाटेतच वारला. गेलेल्यांपैकी तिसरा हिस्सा माणसे कशीबशी परतली. ते साल १४९९. याच सुमारास आपल्याकडे देवगिरीचा किल्ला अहमदनगरच्या निजामशाहीच्या ताब्यात आला होता. दख्खनच्या दरबारांना लिस्बनचे नावही ठाऊक नव्हते.

बक्षीस आणि बेदखली

राजाने गामाला बिरुदे दिली, मोठे वर्षासन दिले, पुढे 'हिंदच्या समुद्राचा आरमारप्रमुख' केले. परंतु गामाने मागितले ते सिनेश. ज्या गावात बापाने दुसऱ्याची किल्लेदारी केली, त्या गावाची वंशपरंपरागत मालकी त्याला हवी होती. डिसेंबर १४९९ मध्ये राजाने ती देऊ केली. अडचण एवढीच होती, की गाव राजाचे नव्हते. सांतियागो संघाचा प्रमुख दों जोर्ज हा आधीच्या राजाचा अनौरस पुत्र आणि मानुएलचा प्रतिस्पर्धी होता. आपल्या संघाची मालमत्ता तो सुखासुखी सोडणार नव्हता, आणि त्याने ती सोडली नाही.

हा तंटा चिघळत असतानाच १५०२ मध्ये गामा दुसऱ्यांदा निघाला. या वेळी वीस जहाजांचे आरमार होते आणि टोप्यांचे नजराणे नव्हते. कन्नूरजवळ मक्केहून परतणारे 'मिरी' नावाचे जहाज त्याने अडविले. त्यावर शेकडो यात्रेकरू होते, स्त्रिया आणि मुले होती. प्रवाशांनी मोठी खंडणी देऊ केली. गामाने जहाजावरील माल उतरवून घेतला आणि काही मुले वगळता सर्वांसह जहाज जाळले. पुढे कालिकतवर तोफा डागल्या, पकडलेल्या निरपराध लोकांचे हात, नाक, कान कापले. ही कृत्ये त्या काळाच्या मापानेही अमानुष होती. पोर्तुगीज वृत्तांतकारांनीच ती नोंदवून ठेवली आहेत.

या क्रौर्याचा उलगडा करताना काहीजण धर्मवेडाकडे बोट दाखवितात, काही नफ्याकडे. वास्तविक ज्या संस्थेत गामा वाढला, तिने या दोहोंतील सीमारेषाच पुसून टाकली होती. मुसलमानांशी लढणे ही शपथ होती, लढण्याचे वेतन जमिनीच्या रूपाने मिळत होते, आणि मिरीच्या व्यापारातील मुख्य प्रतिस्पर्धी नेमके मुसलमान व्यापारीच होते. पुण्य, पगार आणि नफा एकाच दिशेने ओढू लागले, की माणसाच्या हाताला आवर घालणारे काही उरत नाही. याच सुमारास पोर्तुगिजांनी परवान्याची पद्धतही सुरू केली. त्यांचा परवाना नसलेले जहाज लुटण्यास मोकळे! जो समुद्र कोणाचाच नव्हता, त्यावर हा महसूल बसला. कोमेंदा आता पाण्यावर पसरली.

गामा श्रीमंत होऊन परतला. सिनेशमध्ये जणू आपलेच गाव आहे अशा थाटात तो राहू लागला. परंतु दों जोर्जची तक्रार संपली नाही, आणि १५०७ मध्ये राजाला हुकूम काढावा लागला, की गामाने तीस दिवसांत कुटुंबासह सिनेश सोडावे. ज्याने राजाला अर्ध्या पृथ्वीचा व्यापार मिळवून दिला, त्याला जन्मगावातून बेदखल व्हावे लागले. याच सुमारास त्याने सांतियागोचा झगा उतरविला आणि ख्रिस्तसंघाचा चढविला. धर्म तोच, शपथ जवळपास तीच, मालक मात्र बदलला. या बदलात श्रद्धेचा भाग किती आणि जमिनीचा किती, हे वाचकाने ठरवावे.

पुढची बारा वर्षे तो जवळजवळ विस्मृतीत गेला. १५१८ मध्ये त्याने देश सोडण्याची परवानगी मागितली. मॅगेलन नुकताच स्पेनच्या चाकरीत गेला होता. आणखी एक नावाजलेला दर्यावर्दी गमावणे राजाला परवडणारे नव्हते. अखेर १५१९ च्या डिसेंबरात दुसऱ्या एका सरदाराकडून मोबदला देऊन घेतलेल्या गावांवर गामाला 'विदिगेराचा काउंट' करण्यात आले. विदिगेरा समुद्रापासून दूर आहे. आरमारप्रमुखाला वतन मिळाले, ते कोरड्या जमिनीवर.

चौलची वाट

१५२४ मध्ये नव्या राजाने त्याला व्हाइसरॉय म्हणून पाठविले. हिंदुस्थानातील पोर्तुगीज कारभार तोवर पुरता किडला होता. राजाच्या तिजोरीपेक्षा अधिकाऱ्यांच्या पेट्या अधिक भरत होत्या. सप्टेंबरात गामा प्रथम उतरला तो चौलला. हे निजामशाहीचे बंदर. १५२१ साली बुऱ्हाण निजामशाहाच्या परवानगीने पोर्तुगिजांनी तेथे किल्ला बांधावयास घेतला होता, आणि घाटावरचे कापड त्या वाटेने समुद्राकडे जात होते. आपल्या मुलखाशी गामाचा प्रत्यक्ष संबंध आला तो एवढाच. तेथून गोवा, गोव्याहून कोची असा प्रवास करीत त्याने भ्रष्ट अधिकाऱ्यांना धाक बसविण्याचा सपाटा लावला. परंतु साठीच्या आसपास पोहोचलेले शरीर थकले होते. नाताळच्या आदल्या दिवशी कोची येथे त्याचे निधन झाले. तेथील फ्रान्सिस्कन चर्चमध्ये त्याला पुरण्यात आले, आणि काही वर्षांनी अस्थी पोर्तुगालला नेण्यात आल्या.

त्याच्यानंतर दहा वर्षांनी, १५३४ मध्ये, गोव्याचे धर्मपीठ स्थापन झाले आणि वसई पोर्तुगिजांकडे गेली. १५५१ मध्ये सरदारसंघांचे प्रमुखपद पोर्तुगालच्या राजाकडे कायमचे आले. धर्म, जमीन आणि राज्य यांची एकच चावी झाली. गामाचे वतनही फळले. त्याचा पणतू फ्रान्सिस्को द गामा दोनदा व्हाइसरॉय झाला आणि त्याने जुन्या गोव्यातील कमानीवर पणजोबांचा पुतळा बसविला. दुसऱ्या खेपेस, म्हणजे १६२२ ते १६२८ मध्ये, तो गोव्यात राज्य करीत होता, तेव्हा आपल्या याच शहराचा, त्या वेळच्या खडकीचा, संस्थापक मलिक अंबर आयुष्याची अखेरची लढाई लढत होता. अंबरने जमिनीची मोजणी करून महसूल बांधला, पणतू गामाने पूर्वजाच्या पुण्याईवर राज्य केले.

सरदारसंघांचे पुढे काय झाले? अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांचे धार्मिक स्वरूप काढून घेण्यात आले, १८३४ मध्ये पोर्तुगालमधील मठांची मालमत्ता सरकारजमा झाली, आणि आज ख्रिस्तसंघ व सांतियागो ही त्या प्रजासत्ताकाची सन्मानपदके तेवढी उरली आहेत. क्रूस राहिला, कोमेंदा गेली.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? सेवेसाठी निर्माण झालेली संस्था, सेवेचे कारण संपल्यावरही, उत्पन्नासाठी जिवंत राहते. मग ती नवे कारण शोधते, आणि तिचे सेवक सेवेच्या मोबदल्याला वारसाहक्क मानू लागतात. हे धोके ओळखूनच शिवछत्रपतींनी नव्या वतनांना हात आखडता ठेवला, आणि रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्रा'त वतनदारांविषयी स्वतंत्र सावधगिरी सांगितली. आपल्या मराठवाड्यात जहागिऱ्या गेल्या, त्यांच्या जागी लोकांच्या पैशावर आणि सरकारी अनुदानावर शिक्षणसंस्था, सहकारी कारखाने, धर्मादाय विश्वस्त निधी उभे राहिले. त्यांनी केलेले काम मोठे आहे. परंतु त्यांच्या अध्यक्षपदांची यादी पिढीमागून पिढी एकाच आडनावाने वाचावी लागते, तेव्हा सिनेशच्या तंट्याची आठवण होते. तेथे निदान एक दों जोर्ज होता. त्याचा हेतू स्वच्छ होता असे नाही, पण हे गाव संघाचे आहे, तुमच्या घराचे नाही, असे तो बजावू शकला आणि राजालाही ते ऐकावे लागले. आपल्या सभासदांनी, पालकांनी आणि भागधारकांनी वार्षिक सभेत उभे राहून तेवढे जरी विचारले, तरी त्या संस्थांचे रूपांतर वतनात होणार नाही.