कमला सोहोनी

हायड्रोजन पेरॉक्साइडचे द्रावण नुसते ठेवले तर त्याचे विघटन फार सावकाश होते. त्यात फेरिक क्लोराइडचे काही थेंब टाकले की ऑक्सिजनचे बुडबुडे भराभर येऊ लागतात. लोह हे संक्रामक मूलद्रव्य आहे. त्याचा आयन एक इलेक्ट्रॉन घेतो आणि पुन्हा देऊन टाकतो. फेरिकचा फेरस होतो व फेरसचा पुन्हा फेरिक. या देवघेवीमुळे ऑक्सिडीकरण आणि क्षपण वेगाने घडते. लोह मात्र शेवटी तेवढेच उरते. म्हणून त्याला उत्प्रेरक म्हणतात. लोहाच्या आयनाची अशी देवघेव सजीवांच्या पेशींतही चालते. तिचा शोध घेणाऱ्या एका भारतीय स्त्रीची ही हकिकत आहे.

कमला भागवत यांचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. वडील नारायणराव रसायनशास्त्रज्ञ होते. प्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. १९३३ साली कमला मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्‌सी. झाल्या आणि त्यांनी बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. तेथील संचालक सर सी. व्ही. रामन हे नोबेल पारितोषिक विजेते होते. मुलगी आहे, एवढ्याच कारणाने त्यांनी अर्ज नाकारला. कमला नाउमेद झाल्या नाहीत. त्यांनी रामन यांची भेट घेऊन जाब विचारला. अखेर प्रवेश मिळाला, पण कडक अटींवर. पहिले वर्ष केवळ परीक्षेचे होते. हा अपमान त्या कधी विसरल्या नाहीत. पण उत्तर त्यांनी कामातून दिले. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व डाळींतील प्रथिनांचा अभ्यास केला. ते काम पाहून रामन यांचे मत बदलले आणि इतर मुलींसाठीही संस्थेचे दार उघडले.

पुढे त्या इंग्लंडमध्ये केंब्रिजला गेल्या. शेगावच्या बाजारात मिळतो तसा साधा बटाटा त्यांनी संशोधनासाठी घेतला. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते, असे त्यांना आढळले. या प्रथिनात लोहाचा एक आयन असतो. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात. वाटेत हा आयन इलेक्ट्रॉन घेतो आणि पुढे देतो. त्यातूनच पेशीला ऊर्जा मिळते. अवघ्या ४० पानांच्या प्रबंधावर १९३९ साली त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली.

परदेशात राहणे शक्य असूनही त्या मायदेशी परतल्या. १९४७ साली विवाहानंतर त्या कमला सोहोनी झाल्या आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या. गरिबांना स्वस्त व सकस आहार कसा मिळेल, याचा त्यांना ध्यास होता. नीरेत जीवनसत्त्वे आणि लोह असते, हे त्यांनी दाखवून दिले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले.

१९९८ साली त्यांचे निधन झाले. आज अनेक मुली प्रयोगशाळेत निर्धास्तपणे काम करतात. त्यांची वाट मोकळी करणाऱ्यांत कमलाबाईंचे नाव आदराने घेतले जाते.