समजून घ्या : मंडपातली देवी सगळ्यांची कशी झाली? प्रबोधनकार ठाकरे आणि १९२६चे दादर

घटस्थापना जवळ आली की यवतमाळचे वेळापत्रक बदलते. संध्याकाळी सातनंतर दत्त चौकातून गाडी काढणे कठीण होते. दारव्हा, दिग्रस, घाटंजी, वणी, पांढरकवडा इथून माणसे देवी पाहायला येतात आणि मध्यरात्रीनंतरही रस्ते भरलेले असतात. कोलकात्यानंतर दुर्गोत्सव पाहावा तर यवतमाळचा, असे इथला माणूस अभिमानाने सांगतो. मंडप, रोषणाई, देखावे, महाप्रसाद, भजन-कीर्तन, नाटक, व्याख्याने असा सगळा नऊ-दहा दिवसांचा थाट.

या थाटात एक गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे कुणाचे लक्षही जात नाही. वर्गणी कुणीही द्यावी, मंडपात कुणीही यावे, आरतीचे ताट कुणीही हातात घ्यावे. शंभर वर्षांपूर्वी हे गृहीत नव्हते. मुंबईतल्या दादरमध्ये याच मुद्द्यावरून सार्वजनिक गणपती बंद पडला आणि त्यानंतर सार्वजनिक नवरात्र उभे राहिले. त्या घटनेच्या केंद्रस्थानी केशव सीताराम ठाकरे, म्हणजे प्रबोधनकार, होते. आजच्या पिढीला त्यांची ओळख बहुधा बाळासाहेबांचे वडील एवढीच असते. ती अपुरी आहे.

पनवेलचा मुलगा

प्रबोधनकारांचा जन्म १७ सप्टेंबर १८८५ रोजी पनवेलचा. घर चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचे, परिस्थिती बेताची. घरातले सर्वांत वजनदार माणूस म्हणजे आजी. सोवळ्याओवळ्याचे आणि विटाळाचे खूळ तिला मान्य नव्हते, आणि नातवाच्या मनावर पहिला संस्कार तिचाच झाला. शिक्षण पनवेल, कल्याण, बारामती, मुंबई आणि मध्य भारतातल्या देवासपर्यंत फिरत फिरत झाले, पण मॅट्रिकची वेस काही ओलांडता आली नाही.

त्यानंतर त्यांनी जी कामे केली त्यांची यादीच लांब आहे. पाट्या रंगवल्या, फोटो काढले, ग्रामोफोन कंपनीत काम केले, विमा विकला, नाटक कंपन्यांबरोबर गावोगाव हिंडले. अखेर मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात कारकुनी मिळाली. पोटापाण्याची सोय झाली, पण लेखणी स्वस्थ बसेना. इतिहासाचार्य राजवाड्यांनी कायस्थांविषयी केलेल्या लिखाणाला उत्तर म्हणून १९१८ मध्ये त्यांचे ‘कोदण्डाचा टणत्कार’ आले. वाद जातीच्या मानापमानातून सुरू झाला हे खरे. मात्र ते तिथे थांबले नाहीत. पुढच्या तीन-चार वर्षांत त्यांचा रोख एका जातीच्या कैफियतीवरून जन्माने ठरणाऱ्या उच्चनीचतेच्या संपूर्ण व्यवस्थेकडे वळला. त्यांच्या आयुष्यातले हे वळण सर्वांत महत्त्वाचे म्हणावे लागेल. पुष्कळ जण आपल्या जातीचा मान मिळाला की गप्प बसतात.

१६ ऑक्टोबर १९२१ रोजी ‘प्रबोधन’ हे पाक्षिक सुरू झाले आणि त्या पाक्षिकावरूनच ‘प्रबोधनकार’ हे नाव त्यांना चिकटले. सरकारी नोकरी सोडून ते पूर्णवेळ पत्रकार झाले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांशी त्यांचा स्नेह होता. ब्राह्मणेतर चळवळीत ते उतरले. हुंडा घेणाऱ्यांविरुद्ध दादरच्या तरुणांना घेऊन त्यांनी मोहीम उघडली आणि हुंडेबाज वराच्या नावाने गाढवाची वरात काढण्यापर्यंत मजल नेली. ‘प्रबोधन’ काही काळ साताऱ्याहून, मग पुण्याहून निघाले. पुण्यात तर विरोधकांनी त्यांच्या दारात मेलेले गाढव आणून टाकले होते. २३ जानेवारी १९२६ रोजी पुण्यातच त्यांचे चिरंजीव बाळ यांचा जन्म झाला. त्याच वर्षी कुटुंब पुन्हा मुंबईत, दादरला आले.

वर्गणी चालते, मग हात का नाही?

दादरचा झगडा कळायला त्या काळचा सार्वजनिक उत्सव समजून घ्यावा लागतो. लोकमान्य टिळकांनी १८९३ पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले. घरातला देव चौकात आला, त्याच्यापुढे मेळे, व्याख्याने, पोवाडे होऊ लागले. परक्या सरकारच्या राज्यात लोकांनी एकत्र जमण्याची ती एक वाट होती. पण ‘सार्वजनिक’ म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न पहिल्या तीस वर्षांत बहुतेक ठिकाणी कुणी विचारला नाही. वर्गणी सगळ्यांकडून घेतली जाई. कार्यकारिणी, कार्यक्रम आणि मूर्तीजवळ जाण्याचा अधिकार मात्र मोजक्यांच्या हाती राही. पुण्यात जेधे-जवळकरांच्या छत्रपती मेळ्याने १९२० च्या दशकात याला उघड आव्हान दिले होते.

मुंबईतही हवा तापत होती. रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडलेला ठराव मंजूर झाला होता. सरकारी खर्चाने चालणारे पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुले असावेत, असा तो ठराव. कागदावर हक्क मिळाला होता, प्रत्यक्षात मिळत नव्हता. याच ठरावाच्या आधारावर पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. दादरचा प्रसंग त्याच्या अवघे सहा महिने आधीचा आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१९२६ च्या भाद्रपदात दादरच्या सार्वजनिक गणपतीपुढे बोले, प्रबोधनकार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधा प्रश्न ठेवला. वर्गणी सर्व हिंदूंकडून घेतली आहे, तर पूजेचा मानही सर्व हिंदूंना मिळाला पाहिजे. अस्पृश्य समाजातल्या माणसाला मूर्तीची पूजा करू द्या. मंडळाचे कारभारी अडून बसले. मंडपापुढे मोठा जमाव जमला आणि पूजा खोळंबली.

प्रबोधनकारांनी तेव्हा जो पवित्रा घेतला तो आजच्या वाचकालाही दचकवणारा आहे. दुपारी तीनपर्यंत निर्णय झाला नाही तर आपण स्वतः मूर्ती फोडू, असा इशारा त्यांनी दिला. तो केवळ आव होता की खरा बेत, हे ठरवायची वेळ आली नाही. त्यांचा स्वभाव पाहता कारभाऱ्यांनी तो आव मानला नाही, एवढे नक्की.

बोलणी सुरू झाली. त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरही होते. तेव्हा ते ३५ वर्षांचे होते आणि मुंबईत वकिली करत होते. तोड निघाली ती अशी : दलित समाजातले कार्यकर्ते गणपत महादेव जाधव, म्हणजे मडकेबुवा, यांनी फुले पुजाऱ्याच्या हाती द्यायची आणि पुजाऱ्याने ती गणपतीला वाहायची.

हा विजय अर्धाच होता. मूर्ती आणि मडकेबुवा यांच्यामध्ये पुजाऱ्याचा हात राहिलाच. पण एवढेही काहींना पचले नाही. दादरचा हा सार्वजनिक गणेशोत्सव यापुढे होणार नाही, असे जाहीर झाले. उत्सव सगळ्यांचा होण्यापेक्षा तो नसलेला बरा, असा त्याचा अर्थ.

पंधरवडा मध्ये, मग देवी

अनंत चतुर्दशीनंतर पितृपक्षाचा पंधरवडा आणि लगेच घटस्थापना. एवढ्या अवधीत प्रबोधनकारांनी दुसरा उत्सव उभा केला. त्यासाठी लोकहितवादी संघ स्थापन झाला. उत्सवाचे नाव ठरले श्री शिवभवानी नवरात्र महोत्सव.

देवीच का? प्रबोधनकारांचा विचार सरळ होता. भवानी ही शिवाजी महाराजांची कुलस्वामिनी. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, वणीगडची सप्तशृंगी यांची नावे महाराष्ट्राच्या शेतकऱ्याच्या, धनगराच्या, कोळ्याच्या, महाराच्या, मराठ्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या घेतली जातात. गोंधळ, जोगवा, पोत, परडी हे सगळे बहुजनांचे. कुणाच्या मध्यस्थीशिवाय आईपुढे उभे राहायची सवय या लोकांना आधीपासून होती. तेव्हा उत्सव सगळ्यांचा करायचा तर अशा देवतेचा करावा जिच्यावर कुणा एकाचा ताबा नाही. शिवाय दसऱ्याला सोने लुटायचे म्हणजे एकमेकांच्या दारी जायचे, गळाभेट घ्यायची. शिवाशिव मानणाऱ्या समाजाला हा सण मुळातच अडचणीचा.

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक नवरात्राची सुरुवात म्हणून या उत्सवाकडे बोट दाखवले जाते. त्याचा वारसा सांगणारा नवरात्रोत्सव दादरच्या खांडके बिल्डिंगमध्ये आजही होतो.

योगायोग असा की १९२६ हेच वर्ष कोलकात्याच्या दुर्गापूजेतही महत्त्वाचे आहे. तिथली पूजा आधी जमीनदारांच्या वाड्यांत होई. मग काही मित्रांनी मिळून वर्गणीची ‘बारोवारी’ पूजा सुरू केली. अतींद्रनाथ बोस यांच्या सिमला व्यायाम समितीने १९२६ मध्ये जातपात न पाहता सर्वांना खुली असलेली ‘सार्बोजनीन’ पूजा मांडली. दादर आणि उत्तर कोलकाता यांच्यात काही पत्रव्यवहार झाला होता असे नाही. दोन्ही शहरांत एकाच शरद ऋतूत एकच प्रश्न ऐरणीवर आला होता.

यवतमाळचा दुर्गोत्सव थेट दादरहून आला असे मात्र म्हणता येणार नाही. या भागात देवीचे ठाणे जुने आहे. पैनगंगेपलीकडे माहूर, अलीकडे केळापूरची जगदंबा, दोन्हीकडे नवरात्रात पूर्वापार रीघ लागते. पण मंदिरातली यात्रा वेगळी आणि चौकात वर्गणी काढून, मंडप घालून, सगळ्या आळीने मिळून बसवलेली देवी वेगळी. या दुसऱ्या प्रकाराचा हक्क कुणाचा, याचा निकाल दादरच्या त्या दोन महिन्यांत लागला.

देवळांवर टीका करणारा देवी का बसवतो?

प्रबोधनकारांवर तेव्हाही हा आक्षेप घेतला गेला आणि आजही घेतला जातो. ‘देवळांचा धर्म आणि धर्माची देवळे’ लिहून त्यांनी पुजारीशाही आणि देवळांतल्या व्यापारावर कोरडे ओढले आहेत. ‘भिक्षुकशाहीचे बंड’ हे पुस्तकाचे नावच पुरेसे बोलके आहे. मग तेच घट कसे बसवतात?

या प्रश्नात थोडे तथ्य आहे. उत्सवाची गर्दी एकदा जमली की ती कशासाठी जमवली हे विसरले जाते, आणि हा धोका त्यांनाही पुरता टाळता आला असे नाही. पण त्यांचा लढा श्रद्धेशी नव्हता. श्रद्धेच्या दारावर बसून कर घेणाऱ्यांशी होता. १९३३ च्या ‘खरा ब्राह्मण’ या नाटकात त्यांनी पैठणच्या संत एकनाथांना नायक केले ते याच कारणाने. नाथ ब्राह्मण होते आणि अस्पृश्यांना त्यांनी जवळ केले होते. नाटकाच्या नावातला ‘खरा’ हा शब्द सनातन्यांना झोंबला आणि वाद झालाच.

विदर्भाच्या वाचकाला जवळचा वाटेल असा एक धागा गाडगेबाबांचा. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे हे बाबा वऱ्हाडातल्या यात्रांमध्ये हातात खराटा घेऊन आधी रस्ता झाडत आणि रात्री कीर्तनात देवाला बोकड कापू नका, कर्ज काढून सण करू नका, पोराला शाळेत घाला, असे सांगत. प्रबोधनकार आणि गाडगेबाबांचे चांगले जुळले. १९५२ मध्ये त्यांनी बाबांचे चरित्र लिहिले. देवळात न जाता धर्म सांगणारा माणूस त्यांना सापडला होता.

पुढची वर्षे

‘प्रबोधन’ १९३० च्या सुमारास बंद पडले. कर्ज, आजारपण आणि कोर्टकचेऱ्या हे या पत्रकारितेचे नेहमीचे सोबती होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, सत्तरी ओलांडलेली असताना, ते पुन्हा पुढे आले. एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या पक्षांना एका व्यासपीठावर आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. इथे यवतमाळकरांना आठवेल की याच काळात वणीचे सुपुत्र लोकनायक बापूजी अणे वेगळ्या विदर्भाची बाजू मांडत होते. १ मे १९६० रोजी विदर्भासह महाराष्ट्र झाला तो असा, दोन्हीकडे थोर माणसे उभी असताना.

त्याच वर्षी १३ ऑगस्टला मुलांनी सुरू केलेल्या व्यंगचित्र साप्ताहिकाला ‘मार्मिक’ हे नाव त्यांनी सुचवले. १९६६ मध्ये ‘शिवसेना’ हे नावही त्यांचेच. त्या वर्षी ३० ऑक्टोबरला शिवाजी पार्कवर झालेल्या पहिल्या मेळाव्यात ते बोलले. दसरा मेळाव्याची परंपरा तिथून मोजतात. चाळीस वर्षांपूर्वी ज्यांनी दादरमध्ये देवी बसवली, त्यांच्या घराण्याचे राजकारण दसऱ्याशी जोडले गेले, एवढा दुवा इतिहासात राहिला आहे. त्या राजकारणात १९२६ चा मुद्दा किती उरला, यावर मतभेद आहेत आणि ते असायला हरकत नाही.

दादरच्या बोलणीत असलेल्या डॉ. आंबेडकरांची वाट वेगळी झाली. मंदिरप्रवेशाचे प्रयत्न त्यांनी करून पाहिले, नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह वर्षानुवर्षे चालवला, आणि शेवटी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीलाच, नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. दसऱ्याच्या दिवसांत यवतमाळच्या बसस्थानकावर आजही दोन प्रकारची गर्दी दिसते. एक खेड्यांतून देवी पाहायला आलेली, दुसरी निळे झेंडे घेऊन नागपूरला दीक्षाभूमीकडे निघालेली.

२० नोव्हेंबर १९७३ रोजी, ८८ व्या वर्षी, प्रबोधनकारांचे मुंबईत निधन झाले. दादरच्या गणपतीची हकीकत त्यांच्या ‘माझी जीवनगाथा’ या आत्मचरित्रात आहे.